चोपड्याचे नऊ जण, तीन हॉटेलं आणि एक जहाज

दसऱ्यानंतर चोपडा तालुक्यातले दोघे भाऊ जळगावला आमच्या ऑफिसात आले. सोबत त्यांची आई. केळीवालं एकत्र कुटुंब, जाणारे नऊ जण: आबा, आजी, दोघा भावांच्या जोड्या आणि १४, ९ व ४ वर्षांची तीन पोरं. जहाज सिंगापूरहून शनिवारी सुटणार, पेनांग आणि फुकेत ही दोन बेटं करून बुधवारी सकाळी परत सिंगापूरला येणार. जहाज, विमान, हॉटेलं सगळं धाकट्यानं मोबाइलवर बुक करून टाकलेलं. आमच्याकडे काम फक्त व्हिसाचं. त्यासाठी मुक्कामाच्या पावत्या मागितल्या आणि त्या वाचता वाचता संध्याकाळ झाली.

पहिली पावती हार्बरफ्रंटजवळच्या हॉटेलची. धाकटा म्हणाला, “भाऊ, बंदराला लागूनच घेतलं. उठलं की जहाजात.” जहाजाच्या तिकिटावर मात्र मरीना बे क्रूझ सेंटर लिहिलेलं होतं. सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनलं आहेत. हार्बरफ्रंटचं जुनं, तिथून सेंतोसा बेटावर जाणारी केबल कार जहाजांच्या डोक्यावरून जाते. त्यामुळे पाण्यावर साधारण ५२ मीटरपेक्षा उंच जहाज तिथे लागतच नाही. म्हणून मोठ्या जहाजांसाठी २०१२ मध्ये मरीना बेचं टर्मिनल सुरू झालं. बुकिंगच्या साइटवर ‘सिंगापूर क्रूझ सेंटर’ टाकलं की नकाशा हार्बरफ्रंट दाखवतो, कारण त्या टर्मिनलचं नावच ते आहे. तिकिटावर टर्मिनलचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय हॉटेलचा नकाशा उघडूच नये.

थोरल्याचा चेहरा उतरला. खरं तर ही चूक सगळ्यांत हलकी होती. दोन्ही टर्मिनलांमध्ये टॅक्सीनं पाव तासाचं अंतर. सिंगापूर एवढंसं शहर आहे, बंदराजवळचं हॉटेल हा तिथे मुद्दाच नाही. मरीना बेच्या टर्मिनलला तर खेटून हॉटेल असं काही नाहीच. घोळ होतो तो शेवटच्या तासात: टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ सेंटर’ सांगायचं, अकरा बॅगा घेऊन चुकीच्या दारात उतरायचं आणि मग परत गाडी शोधायची. यांचं जहाज संध्याकाळी ५ ला सुटणार होतं, पण प्रवेश साडेतीनलाच बंद. सुटण्याच्या वेळेवर भरवसा ठेवून चालत नाही. तिकिटावर चेक-इनचा स्लॉट आणि प्रवेश बंद होण्याची वेळ वेगळी छापलेली असते, हिशोब त्यावरून मागे करायचा.

पैसे परत न मिळणारं बुकिंग असल्यामुळे हॉटेल बदलायचा प्रश्नच नव्हता. तेच नीट वापरायचं ठरलं. मग तारखा बघितल्या. विमान मुंबईहून गुरुवारी रात्री ११.५५ ला. साडेपाच तासांचा प्रवास, वर सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे उतरणार शुक्रवारी सकाळी आठच्या सुमाराला. हॉटेल मात्र गुरुवारपासून घेतलेलं, दोन रात्री. धाकट्यानं निघायची तारीख टाकली होती.

इथे दोन गोष्टी होऊ शकतात. हॉटेलला काही कळवलं नाही, तर गुरुवारी रात्री कोणी आलं नाही म्हणून ते ‘नो-शो’ लावून अख्खं बुकिंग काढून टाकू शकतात, शुक्रवारच्या रात्रीसकट. पैसे गेले आणि सकाळी दहाला नऊ माणसं लॉबीत. कळवलं, तर हीच चूक सोय होते. तिकडे खोली दुपारी तीनला मिळते. आदल्या रात्रीचं भाडं भरलेलं असेल तर सकाळी पोचल्या पोचल्या किल्ली हातात. रात्रभर विमानात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आम्ही एरवीही हेच सुचवतो. त्याच दिवशी हॉटेलला मेल टाकला: बुकिंग क्रमांक, विमानाचा क्रमांक, शुक्रवारी सकाळी दहाला पोचू, गुरुवारची रात्र धरून ठेवा. लेखी होकार आला, त्याची प्रिंट काढून आबांच्या पिशवीत. फोनवरच्या होकाराला काउंटरवर काही किंमत नसते.

आता खोल्या. तीन खोल्या, प्रत्येकीत दोन मोठे आणि एक मूल, असं भरलं होतं. हिशोब कागदावर बरोबर, पण आबा-आजींच्या खोलीतलं ‘मूल’ चौदा वर्षांचं. बहुतेक हॉटेलं बारा वर्षांपर्यंतच मूल धरतात, पुढे माणूस मोठा. दोघांच्या खोलीत तिसरा मोठा तिकडे चालवून घेत नाहीत. आपल्याकडे गादी टाकून भागतं, तिथे काउंटरवर चौथी खोली घ्यायला लावतील, तीही त्या दिवसाच्या दरानं. मुलांची वयं साइट आपणहून काहीतरी भरून ठेवते, ती दुरुस्त करायचं कोणी लक्षात घेत नाही.

आजी इतका वेळ गप्प होत्या. मी स्क्रीनवर खोलीचा फोटो मोठा करत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, “तठे खिडकी शे का नही?”

प्रश्न नेमका होता. फोटोत पलंगामागे जमिनीपर्यंत पडदा होता, छान मरून रंगाचा. पण पडद्याच्या कडेनं उजेडाची एकही रेघ नव्हती. खाली बारीक अक्षरात खोलीचं वर्णन होतं: १० चौरस मीटर, खिडकी नाही. म्हणजे १०८ चौरस फूट, त्यात दुहेरी पलंग आणि न्हाणीघर. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये मोठी बॅग उघडी ठेवली की माणसानं पलंगावरूनच जायचं. सिंगापूरच्या स्वस्त आणि मध्यम हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात आणि पडदा भिंतीवरही लावतात. फोटो बघून खोली घेऊ नये, वर्णनात ‘विंडो’ हा शब्द आहे का ते शोधावं. तरुण जोडप्याला एका रात्रीपुरती चालते. उघड्या वाड्यात झोपायची सवय असलेल्या माणसाला तिथे कोंडल्यासारखं होतं.

दोन्ही अडचणींवर उपाय एकच निघाला. परत न मिळणाऱ्या बुकिंगमध्येही फरक भरून वरची खोली द्यायला हॉटेलं सहसा तयार असतात, त्यांना पैसे जास्तच मिळतात. आबा-आजी आणि थोरली नात यांच्यासाठी खिडकीवाली, तीन पलंगांची खोली घेतली. बाकी दोन खोल्या तशाच ठेवल्या.

फरकाची रक्कम सांगताना हॉटेलनं आकड्यापुढे अधिकची दोन चिन्हं लावली होती. त्याचा अर्थ १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. २०० डॉलरची खोली २३९.८० डॉलरला पडते. शिवाय चेक-इनला डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं तर तेवढे पैसे खऱ्या अर्थानं अडकतात आणि सुटायला दिवस लागतात. जहाजावर खर्चाच्या खात्यासाठी पुन्हा तेच. क्रेडिट कार्ड थोरल्याकडे होतं, पण परदेशी व्यवहार बंद. बँकेच्या ॲपमधून ते तिथेच बसून चालू करून घेतलं.

दुसरी पावती सेंतोसाची, बुधवारच्या रात्रीची. समुद्रकाठचं, तलावाचं, महागडं. “जहाजातून उतरल्यावर जरा आराम,” असं थोरल्या वहिनींचं म्हणणं. परतीचं विमान त्याच बुधवारी रात्री ८ ला. खोली मिळणार तीनला, चांगी विमानतळावर पोचायचं पाचला. दोन तासांसाठी तीन खोल्यांचं रात्रभराचं भाडं! हे बुकिंग सुदैवानं रद्द होण्यासारखं होतं. माझ्यासमोरच रद्द करायला लावलं, कारण घरी गेल्यावर मुदत विसरतात.

जहाजानंतरचं हॉटेल हा प्रकार लोकांना नीट कळत नाही. जहाज पहाटे लागतं, नऊ-दहापर्यंत तुम्हाला खाली उतरवतात. हातात बॅगा, अंगात झोप, आणि खोली तीनशिवाय नाही. रात्रीचं विमान असेल तर हॉटेल घेऊच नये, बॅगा ठेवायची जागा तेवढी हवी. दुसऱ्या दिवसाचं विमान असेल तर जहाजाआधी होतं तेच हॉटेल घ्यावं. एक मोठी बॅग तिथेच ठेवून जाता येतं, पण किती दिवस ठेवतील ते मेलवर विचारून घ्यावं. हार्बरफ्रंटच्या हॉटेलनं शनिवार ते बुधवार एक बॅग ठेवून घ्यायचं मान्य केलं. खोली नसताना हे सगळीकडे होईलच असं नाही.

ती बॅग कामाची ठरली. खिचडीसाठी इलेक्ट्रिक कुकर, केटल, इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं घरून निघालं होतं. जहाजावर यातलं काही चालत नाही, स्कॅनरला सापडलं की काढून घेतात आणि उतरताना रांगेत उभं करून परत देतात. ते सगळं त्या बॅगेत गेलं. धाकट्याच्या खिशातली तंबाखूची पुडी मात्र जळगावातच ठेवायला सांगितली. खायची तंबाखू आणि गुटखा सिंगापुरात न्यायला बंदी आहे.

नऊ जणांचा जेवणाचा प्रश्न लिटिल इंडिया या भारतीय वस्तीच्या भागानं सोडवला. सेरंगून रोडवर शाकाहारी खाणावळी रांगेनं आहेत, १९४७ पासूनचं कोमला विलास तिथलंच. म्हणून हॉटेलचा नाश्ता काढून टाकला. हार्बरफ्रंट आणि लिटिल इंडिया एकाच मेट्रो मार्गावर आहेत, गाडी बदलावी लागत नाही.

टॅक्सीचा मुद्दा वेगळा. साध्या टॅक्सीत चौघंच बसतात. नऊ माणसं, अकरा बॅगा म्हणजे सात सीटच्या दोन मॅक्सीकॅब, आदल्या रात्री सांगून ठेवलेल्या. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला ॲपवरच्या खाजगी गाडीत चाइल्ड सीट लागते, टॅक्सीला त्यातून सूट आहे. चार वर्षांचं पोर बघून ॲपची गाडी निघून जाते आणि लोकांना कारण कळत नाही. बॅगांना जहाजाचे टॅग लावून टर्मिनलच्या दारातच द्यायच्या, त्या केबिनला संध्याकाळी येतात. म्हणून पासपोर्ट, औषधं आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत. टॅग लावलेल्या बॅगेत पासपोर्ट गेला, तर पुढचा तास बॅग शोधण्यात जातो.

व्हिसा आले तेव्हा नऊच्या नऊ पानांवर ‘मल्टिपल’ शब्द वाचून घेतला. बुधवारी जहाजातून उतरणं ही सिंगापुरात नवी एंट्री असते. अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरताना भरायचा फॉर्म, तोही दुसऱ्यांदा भरावा लागतो, फुकट आणि ऑनलाइन. तो येण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आतच भरता येतो. समुद्रात इंटरनेट महाग, म्हणून सोमवारी फुकेतला उतरल्यावर भरायचा असा मोबाइलवर गजर लावून दिला.

सगळ्यांत मोठं भोक मात्र सिंगापुरात नव्हतंच. जाताना त्यांनी गुरुवारी संध्याकाळी मुंबईला पोचणारी गाडी धरली होती. कसाऱ्याला किंवा कल्याणच्या पुढे गाडी दोन तास थांबली, तर विमान गेलं आणि त्यामागे हॉटेल, जहाज सगळं गेलं. बुधवारी रात्रीच्या गाडीनं काढून दिलं. सकाळी कल्याणला मावशीकडे उतरायचं, आंघोळ-जेवण करून संध्याकाळी विमानतळ. खान्देशातल्या माणसाचं कल्याण-डोंबिवलीत कोणी नाही असं होत नाही, तेव्हा जातानाचं मुंबईचं हॉटेल वाचतं.

येताना तसं नाही. बुधवारी रात्री ११ ला उतरून इमिग्रेशन, बॅगा होईतो साडेबारा. खान्देशाकडच्या रात्रीच्या गाड्या तोवर निघून गेलेल्या. थोरला म्हणाला, रात्रीच गाडी करून निघू. दिवसभर न झोपलेली नऊ माणसं, रात्रीचा कसारा घाट आणि पेंगुळलेला ड्रायव्हर, याला मी साफ नकार दिला. मावशीकडे रात्री दोनला जायला आजी तयार नव्हत्या. सेंतोसाचे वाचलेले पैसे तिथे लागले: ठाण्याला स्टेशनजवळ तीन खोल्या, सकाळच्या गाडीला तिथूनच चढायचं. अंधेरीला राहिलं तर सकाळी पुन्हा तासाभराचा प्रवास होतो. बुकिंग बुधवारच्या तारखेचं, ‘मध्यरात्रीनंतर येऊ’ असं कळवून. गुरुवारची तारीख टाकली असती, तर रात्री दीडला पोचल्यावर खोली दुपारी बाराशिवाय मिळाली नसती.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. एकच फरक पडला: शनिवारी पहिला मॅक्सीकॅबवाला ‘क्रूझ’ ऐकून हार्बरफ्रंटच्या टर्मिनलकडे वळत होता. थोरल्या नातीनं फोनवरचं तिकीट पुढे धरलं.

आता धाकटा मुंबईहून लक्षद्वीपच्या जहाजाचं विचारतोय आणि हॉटेल अंधेरीचं बघतोय, कारण तिथे भाडं कमी. तिथे मी उलटं सांगितलं. सिंगापुरात अंतराला किंमत नाही, मुंबईत आहे. जहाज बॅलार्ड पिअरहून सुटतं, सीएसएमटीपासून टॅक्सीनं काही मिनिटांवर. आदल्या दिवशी पोचायचं आणि फोर्टमध्येच राहायचं, खोली लहान असली तरी. उतरायच्या दिवशी हॉटेल नको, बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकायच्या आणि रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरायची. क्लोकरूमला बॅगेला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत, तेवढं कुलूप घरून न्यायचं.