रविवारी कोल्हापूर दाखवायचं तर गाडी घरी ठेवा

नागपूरची मावशी आणि काका शनिवारी रात्री आले, सोमवारी परत जाणार होते. अंबाबाई, भवानी मंडप, खासबाग, न्यू पॅलेस, रंकाळा, सगळं रविवारीच उरकायचं होतं. काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे वेळापत्रक त्यांनीच कागदावर लिहून काढलं.

पहाटे गेल्यामुळे दर्शन झटक्यात झालं. किरणोत्सव बघायचा असेल तर नोव्हेंबरात नाहीतर जानेवारीअखेरीस या, तेव्हा मावळतीची किरणं महाद्वारातून आत देवीपर्यंत येतात, असं सांगून काकांना कसंबसं बाहेर काढलं. मिसळ खाल्ली, भवानी मंडप बघितला. खासबाग तिथून चालत पाच मिनिटांवर. 1912 साली शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान मध्ये खोलगट आहे, त्यामुळे शेवटच्या माणसालाही हौद्यातली कुस्ती दिसते. इथवर सगळं वेळेत.

मग गाडी काढायला आलो.

मंदिराजवळच्या एका पे-पार्किंगमध्ये लावली होती. सकाळच्या पोरानं सांगितलं होतं, "हँडब्रेक सोडा साहेब, न्यूट्रलला ठेवा, लागली तर आम्ही ढकलतो." आम्ही तसंच केलं. आता आमच्या मागे आडवी एक पांढरी गाडी, पुण्याची, हँडब्रेक ओढलेला, काचेला फोन नंबरची चिठ्ठी नाही. सकाळचा पोरगा नाश्त्याला गेलेला. त्याच्या जागी बसलेल्याच्या हातात पावतीपुस्तक, पण पावतीवर गाडीचा नंबरच लिहिलेला नाही.

"रांगेत असतील की ओ. येत्यात आता."

रविवारी अकराच्या सुमाराला अंबाबाईच्या रांगेतला माणूस 'आता' येतो होय! अर्धा तास गेला. मी म्हटलं, माईकवरून पुकारा. तो जाऊन सांगून आला. पुकारलं, तेही चुकीचं. नंबरात चौऱ्याऐंशी होतं, माईकवरून चौऱ्याण्णव. पुन्हा जाऊन सांग म्हटलं तर "काउंटर सोडता येत नाही." मीच गेलो. एव्हाना आणखी दोन गाड्यांची माणसं अडकून आमच्यात सामील झालेली. काकांना राहवेना. त्यांनी हात वर करून अख्ख्या पार्किंगचा ताबा घेतला, कुठली गाडी किती मागे, कुठली डावीकडे. चौघांनी मिळून पांढऱ्या गाडीचं मागचं टोक उचलून सरकवायचा प्रयत्न केला. ती वीतभर हलली आणि अलार्म वाजायला लागला, तो थांबेचना. मावशी सावली शोधत भिंतीला टेकलेली, दर पाच मिनिटांनी "रिक्षानं जाऊया का रे?" म्हणत. आणि जायचं तर गाडी तिथंच सोडून जायचं!

शेवटी मालक आले, हातात नव्या कोल्हापुरी चपलांची पिशवी. "अरेरे, तुम्ही थांबला होतात का?" मी तोंड उघडलंच नाही. पण पार्किंगवाल्यानं उघडलं: "साहेब, दोन तासांच्या वर झालंय, जादा पैसे द्या." त्यावर काका जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पैसे दिले नाहीत, एवढं सांगतो.

न्यू पॅलेसला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. 1877 ते 1884 मधला हा काळ्या दगडाचा वाडा, वर अष्टकोनी घड्याळाचा मनोरा. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, ते निवांत उभं राहून बघायचे. आम्ही धावत बघितले. आत फोटो काढू देत नाहीत. आणि म्युझियम सोमवारी बंद असतं, म्हणजे राहिलेलं उद्या बघू म्हणायचीही सोय नाही.

रंकाळ्यावर भेळ खाल्ली, संध्यामठ लांबूनच दाखवला.

तर पाहुणे येणार असतील तर माझं ऐका. देऊळ, भवानी मंडप, खासबाग, बिंदू चौक हे सगळं पायी होतं, गाडीचं तिथं कामच नाही. पॅलेस आणि रंकाळा शहराच्या दोन बाजूंना, तिकडे रिक्षा करा. गाडी न्यायचीच असेल तर लांब, मोकळ्यावर लावा, आणि पावतीवर नंबर लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. हो, चपला घ्यायच्या तर संध्याकाळी जा, चालून पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाचं माप बरोबर बसतं. मावशीनं सकाळी घेतल्या, त्या नागपूरला पोचेपर्यंत चावल्या.