बेस क्लॉक १०७

एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या खोलीत अकरानंतर बसवत नाही, म्हणून चादरीच्या नक्षीचं काम मी पहाटेच करते. गेल्या आठवड्यात मात्र एक मोराची किनार अर्जंट होती. भर दुपारी कॉम्प्युटर अडकला, परत सुरू केला तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जुनी हार्ड डिस्क दिसतेय आणि एसएसडीची (नव्या, वेगवान डिस्कची) ओळ रिकामी. सगळ्या नक्ष्या त्या एसएसडीत. पोटात गोळाच आला.

केबल बदलली, पोर्ट बदललं, पॉवरची पिनही बदलली. काही फरक नाही. शेजारच्या पोराच्या कॉम्प्युटरला लावली, तर लगेच दिसली आणि फायली जागच्या जागी! घरी आणली की पुन्हा गायब. दुसऱ्या दिवशी पहाटे दिसली, अर्ध्या तासात गेली. तेव्हा बायोसचं एकेक पान वाचायला बसले.

बेस क्लॉक, म्हणजे ज्याच्या ठोक्यावर बाकी सगळं चालतं ते मूळ घड्याळ, १०७ मेगाहर्ट्‌झवर होता. असायला हवा १००.

कॉम्प्युटर सेकंडहँड घेतलेला, प्रोसेसर आय-फाइव्ह २४००, त्याचा वेग बेस क्लॉकच्या ३१ पट. म्हणजे ३१०० मेगाहर्ट्‌झचे ३३१७ करून ठेवले होते कुणीतरी. पण २०११ च्या त्या पिढीत पीसीआय एक्सप्रेस (कार्डांची जोडणी) आणि सॅटा (डिस्कची जोडणी) यांचं घड्याळही त्याच बेस क्लॉकवर चालतं. पाचेक टक्क्यांच्या वर ओढलं की ड्राइव्ह हरवायला लागतात. आमच्याकडे मागाचा वेग वाढवला की नक्षीप्रमाणे सूत उचलणारं जकार्डही त्याच्याबरोबर पळतं, सूत पुरतं उचललं जायच्या आत धोटा सुटतो, अगदी तसंच. एसएसडी मी दिवाळीत बसवली. थंडीत कसंबसं निभावलं, उन्हाळ्यात नाही, असा माझा अंदाज.

१०० केलं, एफ-टेन दाबून सेव्ह केलं. एसएसडी आली.

तुमच्याकडे असं झालं तर घाईने सीमॉस क्लिअर करू नका, म्हणजे बायोसची सगळी सेटिंग पुसू नका. त्याने घड्याळ मूळ जागी येतं, पण सॅटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला तर विंडोज निळ्या पडद्यावर ०एक्स७बी हा एरर दाखवून थांबतं, आणि चांगल्या डिस्कला आपण मेलेली समजतो. आधी मोड कागदावर लिहून घ्या. २०१५ च्या स्कायलेक प्रोसेसरांपासून पीसीआय एक्सप्रेसचं घड्याळ वेगळं केलंय, तिथे हा त्रास असा होत नाही.

तेवढ्यात जकार्डसाठी नक्षीची कार्डं पाडणाऱ्या पंचिंगवाल्यांचा फोन, "ताई, फाईल पाठवा की, मशीन उभंय." मोर आधी पाठवला. मग सगळ्या नक्ष्या दोन वेगळ्या डिस्कवर उतरवत बसले, रात्री साडेदहापर्यंत.