दोनदा दाबायचा ब्रेक

आमच्या जीपचा ब्रेक दोनदा दाबायचा असतो, हे मला पोहायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं. पहिल्यांदा दाबला की पॅडल गपकन खाली जायचं, जणू पायाखाली काही नाहीच. लगेच सोडून पुन्हा दाबलं की धरायचं. ताई याच जीपवर शिकली आणि मी ताईकडून. ती म्हणायची, "एकदा विचारायचं, एकदा सांगायचं." पुढे कधीतरी दुसऱ्याची गाडी चालवायला घेतली, तर पहिल्याच दाबाला ती जागच्या जागी थांबली आणि शेजारी बसलेल्याचं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं. मला वाटलं, गाडीत बिघाड आहे.

जीप विलीसच्या घराण्यातली. मधली काही वर्षं नुसती उभी होती. ती पुन्हा बाहेर काढायचं ठरलं, तेव्हा इंजिन दोन दिवसांत सुरू झालं आणि घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रेकसाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. पॅडल मात्र आता दोनदा काय, सातदा दाबलं तरी तळाला जाऊन बसत होतं.

चाकं काढतानाच अर्धा दिवस गेला. उजवीकडची निमूट निघाली. डावीकडचा पहिला नट हलेना. पान्याला लांब पाइप लावला, शेवटी पाइपवर उभा राहिलो. मग कळलं, या जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नयेत म्हणून केलेली ती सोय. म्हणजे तो नट मी सकाळपासून इमानेइतबारे आवळत होतो.

हँडब्रेकने तर घामच फोडला. तो मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतून, मागे जाणाऱ्या शाफ्टला धरतो. मागचं एकच चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे, ते हवेत एका दिशेला फिरतं, जमिनीवरचं दुसऱ्या दिशेला, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही जीप घरंगळू शकते. आमची वीतभर सरकली आणि चाकाला लावलेल्या दगडावर टेकली. त्यानंतर जीपखाली लोखंडी घोड्या लावल्याशिवाय मी खाली हातसुद्धा घातला नाही.

ड्रम हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोकत काढला. आत काळी भुकटी. फुंकर मारायचा मोह होतो, पण जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीत, ॲसबेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की तिथेच मुक्काम करते. तोंड बांधून, ओल्या फडक्याने पुसून काढली. भुकटीखाली दोन अर्धचंद्र शू, त्यांना आत ओढणारी स्प्रिंग आणि वर करंगळीएवढ्या दट्ट्यांचा व्हील सिलेंडर. पुढच्या शूचा लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेला, मागचा त्यामानाने बरा. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून घेतो, म्हणून तो आणखी घट्ट चिकटतो. मागच्याला मात्र ड्रम परतवून लावत असतो. कामाचा आणि झिजेचा मोठा वाटा त्यामुळे पुढच्याकडे.

आणि इथे, जमिनीवर मांडी घालून बसलेला असताना, त्या दोनदा दाबण्याचा उलगडा झाला. लायनर झिजला की शू आणि ड्रममधली फट वाढते. पॅडलच्या एका दाबात मास्टर सिलेंडर, म्हणजे पॅडलला जोडलेला मुख्य पंप, ठरावीकच ब्रेक ऑइल पुढे ढकलतो, तेवढ्यात ती फट भरून निघत नाही. चटकन सोडून पुन्हा दाबलं तर शू पुरते मागे यायच्या आत टाकीतलं आणखी ऑइल पुढे आलेलं असतं, आणि मग ब्रेक धरतो. यावर उपाय? चाकामागच्या पत्र्यावर बोल्टच्या डोक्यांसारखे दोन ॲडजस्टर असतात. शू ड्रमला टेकेपर्यंत ते फिरवायचे, मग चाक मोकळं फिरेल इतपत मागे घ्यायचे. एक पाना आणि चाकामागे पाच-दहा मिनिटं. तेवढं न करता आम्ही घरादाराला शिस्त लावून घेतली होती.

आता मात्र नुसत्या ॲडजस्टरवर भागणार नव्हतं. व्हील सिलेंडर गंजले होते, आतले रबर फुगले होते. ब्रेक ऑइल म्हणतात खरं, पण ते ऑइल नव्हे. त्याच्या जागी खरंखुरं खनिज तेल घातलं तर हे रबर असेच फुगतात. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ३ जातीचं ताजं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळायचं नाही, पण पाणी प्यायल्यावर तीच हमी १४० वर येते. लांब उतारावर ड्रम तापले आणि ते उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते. रंगाशीही त्याचं वैर आहे. मडगार्डवर पडलेला एक थेंब पुसायचा राहिला, तर सकाळी तिथला हिरवा रंग सालीसारखा निघून आला.

नवे लायनर, नवी किट, नवे पाइप. सगळं जोडल्यावर राहिली हवा काढणं, आणि ते एकट्याचं काम नाही. द्रव दाबला जात नाही आणि त्याच्यावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. १९२१च्या ड्यूसेनबर्ग मोटारीपासून चारही चाकं त्या भरवशावर थांबू लागली. पण पाइपात बोराएवढा बुडबुडा राहिला तरी पायाला स्पंज लागतो. ताईला सीटवर बसवलं. मी सगळ्यात लांबच्या चाकाशी आडवा, हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं.

"दाब."

"दाबलं."

मी निपल उघडलं. बाटलीत बुडबुडे.

"अरे, जातंय! खाली जातंय सगळं!"

"जाऊ दे. सोडू नको."

'सोडू' ऐकताच तिने सोडलं. बाहेर आलेलं सगळं नळीतून परत आत. हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला, तर म्हणाली, "मग सोडू म्हणायचंच कशाला?" बरोबर होतं तिचं. मग फक्त 'दाब' आणि 'हं' एवढ्या दोनच शब्दांवर चारही चाकं पार पडली. मधूनमधून पायाखालच्या पत्र्यातलं झाकण उघडून मास्टर सिलेंडरची टाकी भरत राहायचं. ती रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

शेवटच्या चाकाशी ती म्हणाली, "हे दगडासारखं झालंय. बिघडलं की काय?"

आधी जागेवरच मिनिटभर पॅडल दाबून धरलं आणि सगळे सांधे कोरडे आहेत ना ते पाहिलं. मग पहिली फेरी तिनेच मारली, अंगणात, लो गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगाने. मी बाजूच्या सीटवर, हात डॅशबोर्डवर टेकवून. कुंपणाच्या बऱ्याच अलीकडे तिने ब्रेक दाबला. जीप थांबली, इंजिन आचका देऊन बंद पडलं. उभ्या जीपमध्ये ताईचा पाय वर आला आणि पुन्हा एकदा पॅडलवर गेला.