कडेची रेघ

सुरमई आडवी ठेवली की कल्ल्यापासून शेपटीकडे जाणारी बारीक रेघ दिसते. पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या टोकाखाली ती एकदम खाली वाकते, आखताना पट्टी घसरावी तशी. कोळणीशी भावावरून घासाघीस करताना तिकडे कोण बघतो! तारलीच्या अंगावर ती शोधूनही सापडत नाही.

ही पार्श्वरेषा. पाण्याची हालचाल टिपणाऱ्या केशपेशींचे झुबके तिच्यावर बसवलेले असतात. आपल्या कानातही याच जातीच्या पेशी असतात.

त्या मेल्या तर? हे बघायला झेब्रा मासा बरा. मूळचा आपल्याच उपखंडातला, मत्स्यालयाच्या दुकानात सहज मिळणारा. त्याचं पाच दिवसांचं पिल्लू जेमतेम 4 मिलिमीटरचं, काचेसारखं पारदर्शक, झुबके थेट कातडीवर. पाणी 28.5 अंशांवर ठेवायचं, त्यात निओमायसिन हे प्रतिजैविक घालून पिल्लू अर्धा ते एक तास ठेवायचं, मग स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढायचं. खळबळण्यात आळस केला की उरलेलं औषध नव्या पेशीही मारतं. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल, तर मुळात जुन्याच नीट मरत नाहीत. सगळं जमलं, तर दुसऱ्या दिवशी झुबक्यात एखाद-दोन नव्या पेशी दिसतात आणि 72 तासांत झुबका जवळपास पहिल्यासारखा भरतो.

त्या येतात शेजारच्या आधारपेशींतून. एक आधारपेशी दुभंगते, दोन्ही लेकी केशपेशी होतात आणि तोंडं विरुद्ध दिशांना करून बसतात. एक डोक्याकडून येणारं पाणी ओळखते, दुसरी शेपटीकडून येणारं. इतकी चोख वाटणी सख्ख्या भावंडांतही होत नाही.

घरच्या टाकीत पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मोरचूद घालणाऱ्यांनी मात्र जपावं. त्यातल्या तांब्यानेही केशपेशी मरतात. थोडक्यात निभावलं तर त्या परत येतात. मात्रा फार झाली की आधारपेशीही जातात आणि उगवण अडते. माशाचे डोळे शाबूत असल्याने मालकाला पत्ताही लागत नाही. मोजमाप न करता अंदाजाने चिमूटभर टाकणं हा शुद्ध अडाणीपणा.

निओमायसिनचंच भावंड जेंटामायसिन. त्याने माणसाच्या कानातल्या केशपेशी मरू शकतात. ऐकण्याचं काम करणाऱ्या, कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात त्या साधारण 15,000, गेल्या की गेल्या. कोंबडीच्या पिलांत आणि लाव्यांत त्या परत उगवतात, हे 1988 मध्ये दिसलं. म्हणजे ताटातल्या माशाला जमतं, रश्श्यातल्या कोंबडीला जमतं, जेवणाऱ्याला नाही. आधारपेशी त्याच्याही कानात आहेत, अगदी शेजारीच. त्या दुभंगत नाहीत, एवढंच.