चित्रकाच्या मुळातलं पिवळं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी पांढऱ्या चित्रकाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या एका औषधी झुडपाच्या, मुळातून प्लंबॅजिन हे पिवळं द्रव्य वेगळं करायचं ठरवलं. रंगीत संयुग आहे, डोळ्यांना दिसतं, म्हणजे वाटेत हरवणार नाही, असा माझा हिशोब होता. पहिल्याच महिन्यात तो चुकला.

ताजी मुळं धुऊन, बारीक चिरून मी ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर ठेवली होती. सकाळी दार उघडलं तर नाकाला झोंबणारा वास आला. मुळं कडकडीत वाळली होती, म्हणून मी खूश. भुकटी केली, सॉक्सलेटला, म्हणजे गरम द्रावकाने पुन्हा पुन्हा धुऊन अर्क काढणाऱ्या काचेच्या उपकरणाला, लावली आणि अर्क आटवला. मग टीएलसीची प्लेट चालवली; तिच्यावरच्या सिलिकाच्या पातळ थरावर अर्कातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटे होतात. जिथे ठसठशीत पिवळा ठिपका हवा होता, तिथे नुसती सावली! अर्क काढायला हेक्सेनऐवजी क्लोरोफॉर्म हा द्रावक वापरून पाहिला, तरी तेच. त्या दोन आठवड्यांत मी माझ्या हातांवर, मुळांवर, सिलिकावर, सगळ्यावर संशय घेतला.

मॅडमनी वही चाळली आणि एकच विचारलं, "वाळवलीस कशी?" मग सावलीत वाळलेल्या मुळांची चमचाभर भुकटी त्यांनी पाण्यात उकळायला लावली. "आता कंडेन्सरकडे बघत बस," म्हणाल्या; म्हणजे वाफ थंड होऊन जिथे तिचं पाणी होतं त्या नळीकडे. थोड्या वेळाने थेंब पडू लागले, ते पिवळसर. प्लंबॅजिन वाफेच्या पाठीवर बसून वर येत होतं. जमलेल्या पाण्यात कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्कलीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले, तर पिवळं पाणी बघता बघता जांभळं झालं. माझं प्लंबॅजिन कुठे गेलं ते कळलं. त्या सकाळी ओव्हनमधून जो वास आला, तोच ते होतं.

त्या दिवशी रेणूचं चित्र मी पहिल्यांदा नीट पाहिलं. नॅफ्थोक्विनोन, म्हणजे कार्बनची दोन जोडलेली कडी आणि त्यांवर दोन कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्या) असलेला लहानसा रेणू, रेणुभार १८८. मेनाडायोन, म्हणजे व्हिटॅमिन के३, घ्या आणि त्याच्या पाचव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, जोडा, की झालं प्लंबॅजिन. पण सगळी गंमत त्या एका हायड्रॉक्सिलमध्ये आहे. त्याच्या हायड्रोजनला शेजारच्या कार्बोनिलचा ऑक्सिजन आतल्या आत धरून ठेवतो. बंध घरातच जुळल्यामुळे रेणू पाण्याला फारसा चिकटत नाही आणि वाफेबरोबर सहज निघून जातो. अल्कली आली की ती हाच हायड्रोजन काढून घेते आणि रंग पालटतो.

पुढचं काम मी सावधपणे केलं. मुळं पंख्याखाली, सावलीत वाळवली. दळताना मात्र हातमोजा मनगटाखाली सरकला आणि तेवढ्या जागेवर भुकटी बसली. संध्याकाळपर्यंत कातडी लाल झाली, दुसऱ्या दिवशी बारीक फोड आले. आयुर्वेदात अग्नीची सगळी नावं चित्रकालाही लावतात. ते का, हे त्या मनगटाने मला सांगितलं. घरी कुणी हे मूळ उगाळून लावायला निघालं, तर मी आता हात धरते.

सॉक्सलेट आणि आटवणं यांत सांगण्यासारखं फार नाही. कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या रोटरी इव्हॅपोरेटरचं पाणी ४० अंशांच्या वर जाऊ दिलं नाही, एवढंच. कॉलमचा, म्हणजे सिलिका भरलेल्या उभ्या नळीतून अर्कातले घटक वेगळे करण्याचा, दिवस मात्र मला आयुष्यभर आठवेल. हेक्सेनमध्ये थोडं इथाइल ॲसिटेट घालून सोडलं आणि पांढऱ्या सिलिकामधून बोटभर रुंदीचा पिवळाधमक पट्टा खाली सरकायला लागला. तो अर्ध्यावर आला तेव्हा जेवायची वेळ झाली होती, पण मी तिथून हलले नाही. पट्ट्याची कड तोटीशी आली तसा हात थरथरायला लागला. त्या नळ्या एकत्र करून आटवल्या आणि उरलेलं गरम हेक्सेनमध्ये विरघळवून झाकून ठेवलं. सकाळी तळाशी केशरी-पिवळ्या सुया होत्या. ५० ग्रॅम भुकटीतून १७० मिलिग्रॅम.

वितळणबिंदू ७७-७८ अंश भरला. रेणूतला प्रत्येक हायड्रोजन कुठे आहे ते रेघांनी दाखवणाऱ्या एनएमआर तपासणीचा कागद हातात आला तेव्हा बाकीचं सोडून मी थेट डाव्या टोकाला पाहिलं. त्या कागदाच्या मोजपट्टीवर १२ पीपीएमच्या जवळ एकटी, टोकदार रेघ उभी होती. तोच तो धरून ठेवलेला हायड्रोजन.

प्रोजेक्ट तिथेच संपला असता, पण शोधनाचा, म्हणजे औषधी द्रव्याचा दाहकपणा कमी करण्याच्या आयुर्वेदिक प्रक्रियेचा, विषय डोक्यातून जाईना. चित्रकाचं मूळ औषधात घेण्याआधी वैद्य ते चुन्याच्या निवळीत भिजवतात. म्हणजे अल्कलीतच! मी मुळांचे तुकडे निवळीत टाकले. काही वेळात पाणी तांबडं व्हायला लागलं. ते ओतून नवी निवळी घातली, पुन्हा तांबडं, पण जरा फिकं. असं करत करत रंग उतरत गेला. ते तुकडे वाळवून, अर्क काढून, न भिजवलेल्या मुळांच्या अर्काशेजारी एकाच प्लेटवर चालवले. डावीकडे, न भिजवलेल्या मुळांचा, ठसठशीत पिवळा ठिपका होता, उजवीकडे, भिजवलेल्यांचा, त्याच उंचीवर पुसट. ती प्लेट मी वहीत चिकटवून ठेवली आहे. डावा ठिपकाही आता फिकटत चाललाय.