तीन मिनिटांचा व्हॉइसमेल

२७ ऑगस्ट २०२४, मंगळवार, जन्माष्टमीचा दुसरा दिवस. आजवा धरणाचं पाणी विश्वामित्रीत आलेलं, वरून पाऊस थांबायचं नाव नाही, नदीने २५ फुटांची धोक्याची रेषा कधीच ओलांडलेली. मी दांडियाबाजारात घरी अडकलेलो आणि मोबाईल सकाळपासून वाजतोय, कारण वडोदऱ्यात ज्यांच्याकडे मी इंटरनेटवरचे फोन बसवलेत त्या सगळ्यांचे फोन एकेक करून मुके होत होते.

त्यातलं एक डायलिसिस सेंटर. वर्षभरापूर्वी तिथली जुनी लँडलाइन मीच बंद करायला लावली होती. बिल निम्म्याच्या खाली आलं, एकाच नंबरवर एकावेळी पाच-सहा कॉल घेता यायला लागले, डॉक्टर बाहेरगावी असले तरी एक्स्टेंशन त्यांच्या मोबाईलवर वाजायचं. सुरुवातीला पेशंटचा आवाज यायचा पण आपला जायचा नाही. कंपनीचा माणूस दोन आठवडे 'नेट स्लो आहे' म्हणत राहिला. अहो, एका कॉलला जेमतेम ८०-९० केबीपीएस लागतात, नेटचा काय संबंध! राउटरमधली एसआयपी एएलजी नावाची सेटिंग चालू होती, ती कॉलच्या डेटा पॅकेटमधले पत्ते बदलून टाकत होती, बंद केली आणि दहा मिनिटांत आवाज स्वच्छ. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

पण विजेचं काय? जुन्या तांब्याच्या तारेत एक्स्चेंजच्या बॅटरीवरून ४८ व्होल्ट यायचे, घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. आता फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि स्वतः फोन, चारही जिवंत पाहिजेत. मी मोठा यूपीएस लिहून दिला होता, त्यांनी लहान घेतला. वीज सकाळी गेली, पाऊण तासात सगळं बंद.

इंटरनेटवरच्या फोनचा खरा फायदा असा की नंबर त्या इमारतीत राहतच नाही, तो दूर कुठेतरी डेटा सेंटरमध्ये असतो. दुपारी डॉक्टरांचा फोन आला आणि मी घरी बसून मोबाईल डेटावर फोन कंपनीचं पोर्टल उघडलं, मेन नंबर त्यांच्या मोबाईलवर वळवला, पाच मिनिटं लागली नाहीत. लँडलाइन असती तर हे इतक्या सहज जमलं नसतं, आणि त्या दिवशी रस्त्यावरचे टेलिफोनच्या तारांचे पिलर पाण्यात होते म्हणजे तीही कदाचित बंदच पडली असती. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

पोर्टल बंद करता करता व्हॉइसमेलचा, म्हणजे फोन कोणी उचलला नाही की रेकॉर्ड होणाऱ्या निरोपांचा, आकडा दिसला. तेवीस. डॉक्टरांना विचारून ऐकायला घेतले. बहुतेक तीन-चार सेकंदांचे, नुसता श्वास आणि कट, आपल्याकडे मशीनशी कोण बोलतं! एक मात्र पूर्ण तीन मिनिटांचा होता, म्हणजे लिमिट संपल्यावर मशीननेच तोडलेला.

वयस्कर गृहस्थ. आधी गुजरातीत, बेन, समा भागातून बोलतोय, हिचा दुपारचा टर्न आहे, खाली पाणी भरलंय, गाडी निघत नाही, काय करू? मग शांतता. मागे पाऊस, कुठेतरी कुकरची शिट्टी. मग 'हा बेन, हा, ऊभो छुं.' परत शांतता. आणि मग फोन जरा लांब धरून मराठीत, बायकोला, 'अगं, थांबायला सांगितलंय त्यांनी.'

कोणीच काही सांगितलं नव्हतं. कंपनीची तयार इंग्रजी सूचना होती आणि नंतर एक बीप, ती मीच बदलायची ठेवून दिलेली. काकांना वाटलं होल्डवर ठेवलंय. मेसेज ईमेलने गेलाही होता, व्यवस्थित, पहिल्याच मिनिटाला, पण गेला जुन्या मॅनेजरच्या ईमेलवर आणि त्या बाई मार्चमध्येच नोकरी सोडून गेलेल्या. सेटअपच्या दिवशी तो पत्ता मीच टाइप केला होता.

मेसेज सकाळी सव्वादहाचा, मी ऐकला तेव्हा दीड वाजून गेलेला. नंबर दिसत होता, लगेच लावला. काका म्हणाले, 'मघाशी तुम्ही थांबायला सांगितलंत ना, मग कट झाला, म्हटलं तुम्हीच कराल, म्हणून फोन मोकळा ठेवला.' मला काय बोलावं सुचेना. काकू धापा टाकत होत्या, मागून ऐकू येत होतं. डॉक्टरांना जोडून दिलं, त्यांनी बचाव पथकाला कळवलं, संध्याकाळी बोट पोचली आणि रात्री दुसऱ्या हॉस्पिटलात डायलिसिस झालं. काकू बऱ्या आहेत. पण ते सव्वातीन तास काका फोन हातात धरून बसले होते.

नंतर सूचना गुजराती आणि मराठीत रेकॉर्ड करून घेतली, 'आत्ता फोनवर कोणी नाही' हे पहिलंच वाक्य. मेसेज आता तिघांच्या मोबाईलवर जातो. यूपीएसही बदलला.

गेल्या आठवड्यात अलकापुरीत एका दवाखान्यात सेटअप करत होतो. विचारलं, व्हॉइसमेल कोणाच्या ईमेलवर टाकू, तर काउंटरवरून उत्तर, 'टाका कोणाचाही, पुढे बघू.' मी म्हटलं, जो रोज उघडून बघणार आहे त्याला बोलवा, तोवर मी बसतो इथेच. पाऊण तास बसलो.