आमची वाटचाल : सोलापुरातलं शेवाळ

सोलापुरात समुद्र नाही, हे प्रत्येक पाहुणा आम्हाला ऐकवून जातो. स्पिरुलिना म्हणजे वाळवून, पावडर करून खायचं निळं-हिरवं शेवाळ. तिला समुद्र लागतच नाही. तिला लागतं खारट, सोडायुक्त पाणी. लोणारच्या सरोवरात ती आपसूक होते. आम्ही विटांचे दोन हौद बांधले, प्लास्टिक अंथरलं, खायचा सोडा नि मीठ घातलं. सामू (पीएच) 10 च्या आसपास, पाणी 30 ते 35 अंश. कागदावर सोलापूर म्हणजे तिचं माहेरच.

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं शेडनेट फाटलं. "दोन दिवसांनी शिवू," असं म्हणणारा मीच. वीतभर खोल पाणी दुपारी 41 अंशांवर गेलं. त्यात आटलेलं पाणी रोज बोअरनं भरत होतो. आमचं बोअर जड. त्यातल्या कॅल्शियमचा सोड्याशी मिळून तळाला पांढरा चुना बसला. तिसऱ्या पहाटे हौद पिवळट, वर फेस, आणि वास असा की शेजारी चौकशीला आले. दोन्ही हौद उपसले. हप्ता चालूच होता.

तारलं दाजींनी. त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. काढणीची पहिली जाळीही त्यांचीच : स्क्रीन प्रिंटिंगची, सागवानी चौकटीवर ढोलासारखी ताणलेली. ती चौकट अजून वापरतो. दाजींनी घरच्या खिडकीत 20 लिटरच्या बाटलीला फिशटँकचा पंप लावून थोडं बियाणं, म्हणजे जिवंत स्पिरुलिनाचं पाणी, राखलं होतं. ताई ओरडली की म्हणायचे, "विरजण आहे गं, राहू दे." त्या बाटलीवरून हौद भरायला दोन महिने गेले, कारण पातळ बियाणं उन्हात करपतं, सावलीतच वाढवावं लागतं. तोवर तालमीचे एक वस्ताद सोडून सगळी गिऱ्हाइकं पांगली. वस्ताद दर सोमवारी येऊन चहा घ्यायचे. "पोरांना थांबवलंय," एवढंच बोलायचे.

बाकीची गिऱ्हाइकं नेली आमच्याकडूनच बियाणं नेलेल्या एकानं. गच्चीवर भर उन्हात वाळवायचा, निम्म्या भावात द्यायचा, वर आमच्या पावडरीत रंग असतो म्हणून सांगायचा! उन्हात रंग त्याच्याच मालाचा उडायचा.

पुढची सहा वर्षं बरी गेली.

नव्यांनी काढणी पहाटे करावी, गाळलेलं पाणी हौदातच सोडावं. पाऊस आत पडू देऊ नये. सामू उतरला की दुसरी शेवाळं शिरतात. आणि बियाणं कुणाला देऊ नये.

परवा तोच माणूस आला होता. या मे महिन्यात त्याचे हौद गेले. मी आत होतो, तोवर दाजींनी त्याला बाटली भरून दिली. पैसेही घेतले नाहीत.